ओळ तेवीस, पण गाव कोणतं?

सिम्पलएक्सएमएल लोड स्ट्रिंग, एन्टिटी, लाइन 23, पार्सर एरर. मॅजेन्टोच्या पहिल्या पिढीवर ऑनलाइन दुकानं उभी करणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या माणसाला हा संदेश तोंडपाठ असतो. 2008 मध्ये हे सॉफ्टवेअर बाजारात आलं, 30 जून 2020 ला त्याचे अधिकृत सुरक्षा पॅच थांबले, तरी त्यावर चालणारी दुकानं अजून आहेत आणि ओपनमेज नावाने स्वयंसेवकांनी ते जिवंतही ठेवलं आहे. तर हा संदेश काय सांगतो? एक फाइल वाचता आली नाही, तेविसाव्या ओळीवर अडकलं, आणि अमुक टॅग उघडला पण तमुक बंद झाला. सांगत नाही ते एवढंच, की फाइल कोणती. मॅजेन्टोत प्रत्येक मॉड्यूलची स्वतःची कॉन्फिगरेशन फाइल असते आणि नाव सगळ्यांचं एकच: कॉन्फिग.एक्सएमएल. मूळ संचातली डझनावारी मॉड्यूल, वर विकत घेतलेली, फुकट मिळालेली, आधीच्या एजन्सीने लिहून सोडून दिलेली. महाराष्ट्रात वडगाव किती आणि पिंपळगाव किती, याची आठवण यावी असा हा प्रकार. टपाल खात्यालाही एकसारख्या नावांच्या गावांनी आणि निरनिराळ्या भाषांत लिहिलेल्या पत्त्यांनी बरंच हैराण केलं होतं. म्हणून 15 ऑगस्ट 1972 ला पिन कोड आला. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि शिवाय संस्कृतचे कवी. मॅजेन्टोच्या त्या संदेशात घर क्रमांक 23 असतो. पिन कोड नसतो.

बिघडलेल्या कॉन्फिगरेशन फाइली हुडकणं हे या धंद्यात हमालीचं काम समजलं जातं, आणि फाइल सापडली की बोट तिच्या लेखकाकडे वळतं. माझं म्हणणं वेगळं आहे. चूक लिहिणाऱ्याने केली हे खरं, पण शोधात जो वेळ जातो तो चूक सांगणाऱ्याच्या पदरात टाकायला हवा. एक टॅग बंद करायचा राहिला तर तो बंद करायला दहा सेकंद लागतात. उरलेला सगळा वेळ ती फाइल शोधण्यात जातो. आणि तो शोध अटळ नसतो, कारण प्रोग्रॅमला फाइलीचं नाव माहीत होतं. अगदी क्षणभरापूर्वीपर्यंत माहीत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच, फरक इतकाच की कळसा प्रोग्रॅमच्या काखेत आणि वळसा आपल्याला.

नाव हरवतं कसं ते जवळून पाहण्यासारखं आहे. मॅजेन्टोचं फाइल वाचणारं फंक्शन आधी फाइल वाचता येते का ते तपासतं, मग तिचा सगळा मजकूर एका स्ट्रिंगमध्ये उचलतं, तो मजकूर आणखी एका फंक्शनमधून फिरवून आणतं आणि मग ती स्ट्रिंग पीएचपीच्या सिम्पलएक्सएमएलकडे देतं. मधलं फिरवणारं फंक्शन ठेवलं आहे ते कुणाला मजकुरात काही बदल करून घ्यायचे असतील तर सोय म्हणून. मूळ क्लासमध्ये ते काहीही करत नाही. आलेला मजकूर जसाच्या तसा परत देतं. पण या सोयीची किंमत अशी, की पार्सरच्या हाती आता फाइल नसून नुसता मजकूर असतो. पीएचपीच्या पोटात बसलेली लिबएक्सएमएल ही लायब्ररी थेट फाइल उघडायला सांगितली तर चुकीसोबत फाइलीचा पूर्ण मार्ग छापते. नुसता मजकूर दिला तर तिच्याकडे छापायला नाव नसतं, म्हणून ती ‘एन्टिटी’ एवढंच म्हणते. एन्टिटी म्हणजे ‘हे जे काही तुम्ही मला दिलंत ते’. तिचं काही चुकलेलं नाही. तिला जेवढं कळवलं तेवढंच ती सांगणार.

कुणी म्हणेल, डेव्हलपर मोड चालू करा, मग ही तक्रार एक्सेप्शन होऊन येते आणि सोबत कोणत्या फंक्शनने कोणाला हाक मारली याची पूर्ण साखळी छापली जाते. त्यात फाइल वाचणाऱ्या फंक्शनला दिलेलं नाव असेलच. असतं. पण पीएचपी ही साखळी छापताना प्रत्येक स्ट्रिंगची फक्त पहिली 15 अक्षरं दाखवतं आणि पुढे तीन टिंबं देतं. आता एक्सएमएल फाइलीची सुरुवात मोजून पाहा: कोनी कंस, प्रश्नचिन्ह, ‘एक्सएमएल’ची तीन अक्षरं, एक मोकळी जागा, ‘व्हर्जन’ची सात अक्षरं, बरोबरचं चिन्ह, दुहेरी अवतरण. बरोबर 15. म्हणजे जगातल्या जवळपास प्रत्येक एक्सएमएल फाइलीत जे सारखं असतं तेवढंच दिसतं, आणि वेगळेपण सुरू होतं तिथे टिंबं. मार्गाचंही तेच. लिनक्स सर्व्हरवर साइट बहुधा व्हार, मग तीन डब्ल्यू, मग एचटीएमएल अशा फोल्डरांच्या पोटात असते; ती तीन फोल्डरं ओलांडून आपण ‘अ‍ॅप’ या फोल्डरच्या पहिल्या अक्षरावर येतो आणि 15 अक्षरं संपतात. पाकिटावर ‘महाराष्ट्र राज्य, भारत’ एवढंच वाचता यावं आणि पुढे शाई फुटलेली असावी, तसं. ही मर्यादा बदलायची सोय पीएचपी 8 मध्ये आली, म्हणजे 2020 च्या नोव्हेंबरात; मॅजेन्टो 1 ला अधिकृत निरोप देऊन तेव्हा पाच महिने होत आले होते.

चुका कशा असतात हेही पाहावं, कारण ‘नीट लिहायला काय होतं’ हा पहिला आक्षेप त्यांनीच मोडतो. सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो अँपरसँड. दुकानाच्या पाटीवर, बिलावर, ‘& सन्स’ म्हणून आपण ज्याला लाडाने मिरवतो तेच चिन्ह. एक्सएमएलमध्ये ते एकटं चालत नाही. त्यामागे ए, एम, पी आणि अर्धविराम लावावा लागतो. पेमेंट गेटवेचा पत्ता कॉन्फिगरेशनमध्ये टाकायचा असतो, त्या पत्त्यात दोन पॅरामीटर अँपरसँडने जोडलेले असतात, आणि तो पत्ता ब्राउझरमध्ये तपासून, चालतो याची खात्री करूनच कुणीतरी चिकटवलेला असतो. दुसरा प्रकार कॉमेंटचा. एखादा भाग तात्पुरता बंद ठेवायचा म्हणून त्याच्याभोवती कॉमेंट गुंडाळली, पण त्या भागात आधीच एक कॉमेंट होती. एक्सएमएलमध्ये कॉमेंटच्या पोटात कॉमेंट चालत नाही आणि आत दोन आडव्या रेघा लागोपाठ आल्या तरी ती चूक. तिसरा, वर्डमधून किंवा चॅटमधून आलेली वळणदार अवतरणचिन्हं, जी डोळ्याला सरळ अवतरणांपेक्षा देखणी दिसतात. चौथा, पहिल्या घोषणेच्या वर चुकून पडलेली एक रिकामी ओळ. पाचवा, दोघांचं काम एकत्र करताना गिटने टाकलेल्या सात कोनी कंसांच्या खुणा, ज्या काढायच्या राहून गेल्या. यातली एकही चूक आळशी किंवा अडाणी माणसाचीच असते असं नाही. बऱ्याचशा तर काळजीतून झालेल्या असतात: पुसून टाकायचं जिवावर आलं म्हणून कॉमेंट केलं, हाताने टाइप करताना चुकेल म्हणून चिकटवलं. भर म्हणून, दाखवलेली ओळ ही चूक झाली ती नव्हे, पार्सरच्या लक्षात आली ती असते. बाराव्या ओळीवर अवतरण बंद करायचं राहिलं तर बोंब पुढच्या ओळीवरच्या कोनी कंसाशी होते.

आणि नीट लिहिणाऱ्यालाही कॅशे सोडत नाही. मॅजेन्टो सगळ्या कॉन्फिगरेशन फाइली एकदा वाचतो, एकत्र करतो आणि तयार झाड कॅशेमध्ये ठेवतो. त्यानंतर मूळ फाइलींकडे ढुंकूनही पाहत नाही. त्यामुळे सोमवारी बिघडवलेली फाइल सोमवारी काहीच करत नाही. गुरुवारी दुसराच कुणीतरी, भाषांतरातला एखादा शब्द बदलला म्हणून, कॅशे साफ करतो, आणि दुकान बंद पडतं. साहजिकच सगळे त्याच्याकडे पाहतात. त्याने काय बदललं? एक शब्द. तो परत फिरवा. फिरवला, तरी दुकान बंदच. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची ही व्यवस्था कुणी मुद्दाम केलेली नाही, पण कारण आणि परिणाम यांच्यात दिवसांचं अंतर पडलं की तेच होतं. जागेचा पत्ता नाही म्हटल्यावर निदान वेळेचा तरी धागा हाती असायला हवा. कॅशे तोही कापून टाकते. अशा वेळी ‘शेवटी काय बदललं’ या प्रश्नापेक्षा ‘मागच्या वेळी कॅशे साफ केल्यापासून काय काय बदललं’ हा प्रश्न जास्त कामाचा असतो. सपोर्टच्या कामात नवीन आलेल्याला हा फरक समजायला एखादा महिना लागतो.

दुसरा आक्षेप याच्या अगदी उलट दिशेने येतो: एका चिन्हासाठी दुकान बंद का पाडायचं? ब्राउझर अर्धवट एचटीएमएलही दाखवतातच की. या विचाराला प्रतिष्ठित पूर्वज आहे. जॉन पोस्टेल यांनी 1980 मध्ये टीसीपीच्या मसुद्यात लिहून ठेवलं, की स्वतः पाठवताना काटेकोर राहा आणि दुसऱ्याकडून घेताना उदार राहा. एक्सएमएलच्या रचनाकारांनी 1997 च्या वादात हे जाणूनबुजून नाकारलं. अथेन्सच्या ड्रॅको या कठोर कायदेकर्त्यावरून त्यांच्या धोरणाला नाव पडलं, आणि 10 फेब्रुवारी 1998 ला एक्सएमएल 1.0 प्रमाणित झालं ते याच नियमासह: घडणीत चूक दिसली की पार्सरने ती आपल्याला वापरणाऱ्या प्रोग्रॅमला कळवावी आणि नेहमीचं काम पुढे चालवू नये. मला हा कठोरपणा कॉन्फिगरेशनसाठी योग्यच वाटतो. बातमीच्या पानात एक परिच्छेद वेडावाकडा दिसला तर वाचक सांभाळून घेतो, पण कराचा दर किंवा पेमेंटची पद्धत ‘अंदाजाने’ वाचली जाऊ नये.

उदारपणा काय करतो हे पाहायला लांब जावं लागत नाही, कारण मॅजेन्टो 1 स्वतःच डेव्हलपर मोडबाहेर उदार असतो. फाइल वाचता आली नाही तर वाचणारं फंक्शन ‘नाही’ म्हणतं, जोडणारं फंक्शन ती फाइल गाळून पुढच्या मॉड्यूलकडे जातं, आणि तक्रार लॉगकडे पाठवली जाते. लॉग मात्र मूळ मांडणीत बंदच असतो. दुकान उघडतं. चित्रं दिसतात, टोपलीत वस्तू पडतात. फक्त शेवटच्या पायरीवर एक पेमेंटचा पर्याय नसतो, किंवा ऑर्डर झाल्यावर गोदामाला जायचा निरोप जात नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी: टीम पेमेंट गेटवेच्या कंपनीला फोन लावत बसते, आणि चूक असते एका न मिटलेल्या कॉमेंटमध्ये. बंद पडलेलं दुकान कुणाच्या तरी लगेच लक्षात येतं. अर्धं उघडलेलं दुकान महिनाअखेरीला हिशेबात लक्षात येतं. म्हणून प्रश्न कठोर की उदार असा नाहीच. नियमाचे दोन भाग होते, थांबा आणि कळवा. डेव्हलपर मोडमध्ये थांबणं झालं, कळवणं अर्धवट राहिलं. त्याबाहेर दोन्ही गेलं.

मग एक्सएमएलच टाका, असं म्हणणारा वर्ग मोठा आहे, पण त्याच्याशी फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. जेसनमध्ये शेवटचा स्वल्पविराम चालत नाही आणि कॉमेंटची सोयच नाही. यामलमध्ये इंडेंटसाठी टॅब दिला की फाइल मोडते. आणि त्याच्या 1.1 या आवृत्तीत नॉर्वेचा दोन अक्षरी देशसंकेत अवतरणाशिवाय लिहिला तर त्याचा अर्थ ‘नाही’ असा होतो, म्हणजे माल कोणत्या देशांत पाठवायचा या यादीतून एक देश मुकाट्याने उडतो. यामलचा हा नमुना एक्सएमएलपेक्षा वाईट म्हणावा लागेल, कारण तिथे पार्सर अडखळतसुद्धा नाही. लिपी बदलल्याने पत्ता आपोआप लिहिला जात नाही.

खरा वजनदार आक्षेप वेगळाच आहे. घडणीतल्या चुका स्वस्त असतात, त्या मशीन कशीही पकडते. महाग पडतात त्या व्याकरणशुद्ध चुका. टॅग नीट उघडले, नीट मिटले, पण नाव चुकलं. मॉड्यूलच्या नावात मोठ्या अक्षराऐवजी लहान अक्षर आलं, जे मॅकवर खपून जातं आणि लिनक्सवर फाइलच सापडत नाही. दोन मॉड्यूलनी एकाच मूळ क्लासच्या जागी आपापला क्लास बसवला, आणि दोन्ही फाइली आपापल्या जागी निर्दोष. हा आक्षेप मला मान्य आहे. फक्त तो माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जात नाही, ते आणखी पुढे नेतो. मॅजेन्टो सगळ्या फाइली मिळून एकच प्रचंड झाड करतो: आधी सामान्य मांडणी, मग एकेक मॉड्यूल, शेवटी डेटाबेसमध्ये साठवलेली मूल्यं. मागून आलेला पुढच्यावर बसतो. झाड तयार झालं की कोणती फांदी कोणत्या फाइलीतून आली याची नोंद कुठेच उरत नाही. दोन मॉड्यूलच्या त्या भांडणात कुणाचा क्लास जिंकला ते झाडात दिसतं. हरलेला कोण होता, आणि असा कुणी होता की नाही, ते दिसत नाही. वाचताना हरवलेलं नाव इथे दुसऱ्यांदा हरवतं, आणि या वेळी कुणी बोंबही मारत नाही. व्याकरणशुद्ध चुका महाग पडतात त्याचं मोठं कारण हेच आहे.

2015 च्या नोव्हेंबरात आलेल्या मॅजेन्टो 2 ने यातला पहिला भाग बराच सुधारला. जवळपास प्रत्येक प्रकारच्या कॉन्फिगरेशन फाइलीला स्कीमा आला, कोणत्या टॅगच्या आत कोणता टॅग चालतो ते ठरलं, आणि डेव्हलपर मोडमध्ये स्कीमा मोडला तर संदेश येतो तो फाइलीच्या नावासकट: अमुक फाइलीतलं एक्सएमएल चुकलं आहे, तपासून पुन्हा प्रयत्न करा. एवढंसं वाक्य, पण त्यात पिन कोड आहे. प्रॉडक्शनमध्ये वेग राखायचा म्हणून स्कीमाची तपासणी बंद असते, हेही समजण्यासारखं आहे, अट एवढीच की फाइल तिथे पोचण्याआधी कुणीतरी ती डेव्हलपर मोडमध्ये चालवलेली असावी. दुसरा भाग मात्र राहिलाच. एकाच इंटरफेससाठी दोन मॉड्यूलनी आपापला क्लास सुचवला तर शेवटचा जिंकतो, मुकाट्याने, आणि स्कीमाला त्यात वावगं काही दिसत नाही. क्लासचं नाव नावासारखं दिसलं की त्याचं समाधान. तो क्लास अस्तित्वात आहे का हे विचारणं त्याचं काम नाही.

जुन्या मॅजेन्टोवर काम करणाऱ्यांसाठी रोजचा उपाय म्हणजे एक्सएमएललिंट. लिबएक्सएमएलसोबतच येणारं हे छोटं साधन ‘अ‍ॅप’ फोल्डरमधल्या प्रत्येक एक्सएमएल फाइलीवर फिरवलं की काही सेकंदांत जी बिघडली आहे तिचा मार्ग, ओळ आणि चुकीची जागा बाणाने दाखवून मिळते. गंमत अशी, की मॅजेन्टो ज्या लायब्ररीकडून ‘एन्टिटी’ एवढंच ऐकतो तीच लायब्ररी इथे घडाघडा पत्ता सांगते. फरक विचारणाऱ्यात आहे. सर्व्हरवर हे साधन नसेल तर अर्धी अर्धी मॉड्यूल बंद करत जायचं. 200 मॉड्यूल असली तरी आठ फेऱ्यांत एकावर यायला हवं. कागदावर. प्रत्यक्षात एक मॉड्यूल दुसऱ्यावर टेकलेलं असतं, अर्धी बंद केली की उरलेली अर्धी आपल्या नातेवाइकांच्या नावाने वेगळ्याच तक्रारी सुरू करतात, आणि बिघडलेल्या फाइली दोन असल्या तर सगळं गणितच कोलमडतं.

तिसरा मार्ग बहुतेकांना कधी ना कधी सापडतो. मॅजेन्टो 1 कोणताही क्लास शोधताना आधी ‘लोकल’ नावाच्या फोल्डरमध्ये पाहतो, मूळ लायब्ररीकडे शेवटी जातो. म्हणून फाइल वाचणाऱ्या क्लासची एक प्रत ‘लोकल’मध्ये ठेवायची आणि पार्सर अपयशी ठरला तर फाइलीचं नाव लॉगमध्ये लिहिणाऱ्या दोन ओळी तिच्यात घालायच्या. कॅशे साफ करायची, पान उघडायचं, नाव मिळतं. मग फाइल दुरुस्त होते, दुकान सुरू होतं, आणि मूळ क्लासची बदललेली प्रत गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर राहू देणं बरं नव्हे, म्हणून त्या दोन ओळी पुसून टाकल्या जातात.